झाडाखाली उभं राहणारी

शनिवारी दुपारी औषधांच्या दुकानासमोर एक लहान मूल फुटपाथवरून रस्त्यात उतरलं आणि ती बघत उभी राहिली. घडलं ते एवढंच. मूल दोन-अडीच वर्षांचं असेल, अंगात पिवळा कोट, आई पर्समध्ये काहीतरी शोधण्यात गुंतलेली. ते इतकं जवळ होतं की तिने नुसता हात लांब केला असता तरी कोटाची टोपी मुठीत आली असती. पण तिची नजर गेली ती मुलाच्या पायांकडे. उजवं पाऊल कडेवर, टाच उचललेली, वजन अजून मागे. आता डावं खाली टाकणार. कड उंच आहे, गुडघा वाकवेल का? वाकवला. छान उतरलं, असं तिच्या मनात आलंसुद्धा. तेवढ्यात मागून छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा घसा फोडून ओरडला, "एऽ पोरा! गाडी!" मूल जागच्या जागी थिजलं आणि सामान पोचवणारी एक मोठी गाडी हॉर्न वाजवत, त्याच्या कोटाला वारा घालून निघून गेली. मग आईने झडप घातली, आधी एक धपाटा दिला, मग पोटाशी धरलं, मग रडली, म्हणजे अशा वेळी आयांनी जे ज्या क्रमाने करायचं असतं ते सगळं केलं, आणि शेवटी हिच्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुमचे हात तर मोकळे होते!" हिने आपल्या हातांकडे पाहिलं. "हो, मोकळे होते," ती म्हणाली. बाईने तिच्याकडे असं पाहिलं की बघणाऱ्याला वाटावं, गाडी हीच चालवत होती. म्हाताराच मध्ये पडला. "जाऊ द्या हो बाई. एकेकाची भीतीने दातखीळ बसते." त्याचं चुकतंय हे सांगावं असं तिला वाटलं. तिने खोकल्याचं औषध घेतलं आणि घरी गेली.

वाटेत ती भीतीची वाट बघत होती. भीती कधीकधी उशिरा येते, हे तिला माहीत होतं. वेळ निभावून जाते, आपण सुखरूप घरी पोचतो, चप्पल काढतो आणि मग गुडघे लटपटायला लागतात. तिने चप्पल काढली. गुडघे ठीक होते. छातीवर हात ठेवला तर तिथे जिने चढून आलेल्या माणसाची धडधड होती, दुसरं काही नाही. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिने मुद्दाम ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आणलं, आणि या खेपेला म्हाताऱ्याला ओरडू दिलं नाही. गाडी आली, पिवळा कोट चाकाखाली गेला, लोक धावले. चित्र अगदी स्वच्छ आलं. त्याच्याबरोबर काहीच आलं नाही. पायाला मुंग्या आल्या की माणूस चिमटा काढून बघतो, पाय आपलाच आहे ना म्हणून, तशी ती बराच वेळ चिमटे काढत राहिली. औषधाची बाटली ओट्यावरच राहिली, ते नवऱ्याने येऊन विचारलं तेव्हा तिच्या लक्षात आलं.

आता हिचं काम काय, ते सांगायला हवं, कारण गोम तिथेच आहे. शहर जिथे संपतं तिथे, पाणी शुद्ध करायच्या एका बंद पडलेल्या केंद्राच्या मागे, झाडीचा एक पट्टा आहे. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांची शाळा भरते. भिंती नाहीत, फळा नाही, छत म्हणजे चार झाडांना ताणून बांधलेली ताडपत्री, तीही अगदीच धो-धो असेल तर. उघडी शाळा म्हणतात तिला. मुलं चिखल करतात, ओंडक्यांखालचे किडे बघतात, ओल्या लाकडाने शेकोटी पेटत नाही हे स्वतः शिकतात, आणि झाडावर चढतात. तिथे तिला सगळे रानताई म्हणत. या शाळेत शिक्षकाला सगळ्यात अवघड जे शिकावं लागतं ते म्हणजे एक शब्द न बोलणं. तो शब्द 'सांभाळ'. सांभाळ म्हटलं की मूल फांदीकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतं आणि पडतं, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं, आणि मोठ्या बाईंनी शाळा काढली असल्यामुळे ते खरं होतं. त्याऐवजी विचारायचं, पाय कशावर आहे? हात कुठे धरलाय? आता पुढचा कुठे टाकशील? मुलाला वर उचलून द्यायचं नाही, कारण जो आपल्या पायांनी चढतो तोच आपल्या पायांनी उतरतो. आणि झाडाखाली उभं राहायचं. नवीन माणसाला हे जमत नाही. शब्द आपोआप सुटतो, शिंक सुटते तसा. म्हणून नवीन आलेल्याने पहिले काही महिने झाडाखाली उभं राहताना दातात काडी धरायची, अशी तिथली रीत होती. रानताईने काड्याच काड्या चावल्या होत्या. हिरड्यांतून रक्त यायचं. वर एखादं पोर डुलायचं आणि इथे हिच्या पोटात खड्डा पडायचा, काळजात धस्स व्हायचं, पाचावर धारण बसायची. म्हणजे भीतीसाठी भाषेत जेवढं सामान आहे तेवढं सगळं तिने त्या झाडाखाली वापरलं होतं. आणि वरून चेहरा हसरा. पुढे काडी सुटली. मग हळूहळू लोक तिचं नाव घेऊ लागले. शाळा बघायला पाहुणे येत, तेव्हा मोठ्या बाई त्यांना दुरून तिला दाखवत. "बघा कशी उभी आहे. मुलांना तिच्याकडे बघूनच धीर येतो." दाढीदादा, म्हणजे तिच्यासोबतचा दाढीवाला शिक्षक, चार वर्षं झाली तरी खिशात काडी ठेवायचा. त्याची सगळे थट्टा करत. तीही करायची. "अहो, दात पडतील एखाद दिवशी, मग मुलांऐवजी दात सांभाळत बसा."

नक्की कधी थांबलं? रविवारी सकाळी अंथरुणातच ती हे शोधत पडली होती. शेजारी नवरा घोरत होता. तो उद्वाहनांची, म्हणजे साध्या भाषेत लिफ्टची दुरुस्ती करतो. दिवसभर विहिरीसारख्या उभ्या पोकळीत लोंबकळून येतो आणि घरी आल्यावर खुर्चीवर चढून बल्ब बदलायला घाबरतो. त्याच्या उशीला ग्रीसचा वास असतो. काडी सुटली त्या दिवशी भीती होती का? असावी. त्यानंतरच्या वर्षी, एक मुलगी ओंडक्यावरून पडून तिचा दात ओठात घुसला होता, तेव्हा? रक्त आठवलं, मुलीच्या तोंडात धरलेला ओला रुमाल आठवला, तिला मांडीवर घेऊन गायलेलं गाणं आठवलं. आपल्याला काय झालं होतं ते आठवेना. आणि मग तिला लेकीची हनुवटी आठवली. लेक तेव्हा आठ वर्षांची होती, सायकलवरून पडली, टाके घालावे लागले. दवाखान्यात डॉक्टर सुई घालत होते, लेक किंचाळत होती, आणि ही तिचा हात धरून अगदी शांत आवाजात विचारत होती, "पडलीस तेव्हा पाय कशावर होता?" डॉक्टरांनी सुई थांबवून एकदा हिच्याकडे बघितलं होतं. घरी आल्यावर तिने ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली होती. सगळे हसलेही होते. लेक हसली होती का?

तिच्या स्वतःच्या आईच्या अंगात मात्र भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं. हिची आई म्हणजे सांभाळ या शब्दाला हातपाय फुटले होते. पडशील, लागेल, तोंड फुटेल, हात मोडेल, मग जन्मभर बस घेऊन तो मोडका हात. खाली अंगणात इतर मुलं भिंतीवरून उड्या मारत आणि वर खिडकीत आई एका हातात अर्धी वेणी धरून उभी, दुसऱ्या हाताने खुणा करतेय, उतर, मागे हो, उतर आधी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आईच्या मनाला वैऱ्याची गरजच पडली नाही. सगळ्या लहानपणात हिने चढून पार केलेली एकमेव गोष्ट म्हणजे जिना, तोही कठड्याला धरून. तिला त्या आवाजाची चीड होती. मोठी झाल्यावर तिने जी जी कामं सोडली आणि शेवटी हे जे धरलं, त्याच्या मुळाशी तो आवाजच होता. एकाही पोराच्या कानात तो जाऊ द्यायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. वरच्या मजल्यावरची खोली, मोठी खिडकी, तिला गज नाहीत. ही खिडकीच्या कट्ट्यावर बसून, मागे रेलून फोनवर बोलत होती. बोलता बोलता तिला जाणवलं की खोलीत काहीतरी कमी आहे. ती वळली. आई टक्क जागी होती, थेट तिच्याकडे, तिच्या पाठीमागच्या उघड्या खिडकीकडे बघत होती आणि काहीही म्हणत नव्हती. ही मुद्दाम आणखी थोडी मागे रेलली. आईने तशाच डोळ्यांनी बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. तेव्हा हिला कळलं की आई आता जाणार. डॉक्टरांना कळायला अजून एक आठवडा लागला. आई गेली तेव्हा ही रडली नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. तीही तेच समजून चालली.

रविवारी दुपारी नवऱ्याला तिने छत्रीवाल्यासकट सगळं सांगितलं. तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर कसला तरी स्विच खोलून बसला होता. "वाचलं ना पोर?" तो म्हणाला. "वाचलं." "मग झालं तर." "मला भीती वाटली नाही." "चांगलंच आहे की. आमच्या धंद्यात असा माणूस मिळाला तर डोक्यावर घेऊन नाचू." "मी थट्टा करत नाहीये." त्याने स्विच खाली ठेवला. चांगला माणूस आहे तो. बायको थट्टा करत नाही म्हणाली की हातातलं ठेवतो. "अगं, सवय झालीय तुला. जगाच्या पोरांना रोज झाडावर चढवतेस. रोज मरे त्याला कोण रडे?" आणि म्हण भलतीच तोंडातून गेली हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर बोलून झालं होतं. तेवढ्यात लेक आतल्या खोलीतून आली. ती आता अकरा वर्षांची आहे, वर्गात सगळ्यांत उंच, आणि घरात वावरते ती पाहुण्यासारखी, कशाला धक्का लागू नये अशी. तिच्या अंगठ्याला पट्टी होती. "काय झालं गं?" हिने विचारलं. "कापलं. पेन्सिलला टोक करताना." "कधी?" "काल." "मला नाही सांगितलंस?" लेकीने खांदे उडवले. "बाबांना सांगितलं ना." मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुला सांगून काही होत नाही गं आई. म्हणजे तू ओरडत नाहीस, ते चांगलंय. माझ्या मैत्रिणींना हेवा वाटतो माझा. पण काही होत नाही." आणि फ्रीजमधलं पाणी पिऊन परत आत गेली. नवऱ्याने स्विच पुन्हा हातात घेतला. तिने आत जाऊन लेकीला जवळ घ्यायला हवं होतं, हे तिला चांगलं कळत होतं. ती गेलीही. जवळ घेतलं. लेकीच्या केसांना शाम्पूचा वास येत होता, आणि दोघी तशा बराच वेळ उभ्या राहिल्या, बसची वाट बघणाऱ्या बायका उभ्या राहतात तशा.

सोमवारी थंडी होती. मुलं रांगेने पायवाटेवरून निघाली. वाटेत एक मेलेला भुंगा सापडल्यामुळे रांग मोडली, भुंग्याला पुरायचं की ठेवायचं यावर भांडण झालं, मग पुन्हा रांग झाली. तिला हे सगळं नेहमीसारखंच आवडत होतं, किंवा आवडायचं तसं ते सगळं समोर घडत होतं. या दोहोंतला फरक आज पहिल्यांदा तिच्या पायात येत होता. शाळेतलं चढायचं झाड बुंध्यातच वाकलेलं आहे, पहिली फांदी मुलाच्या छातीला लागेल एवढी खाली. त्याच्या खाली ती जाऊन उभी राहिली, कारण सोमवारी तिथे तिची पाळी असते. आणि तिच्या मागोमाग बटण आली. बटण म्हणजे एक बारकी मुलगी. शाळेत आल्यापासून ती कोणाशी बोलताना स्वतःच्या कोटाचं वरचं बटण धरून बोलायची, म्हणून ते नाव. तिने आजवर झाडाला हातसुद्धा लावला नव्हता. इतर चढत तेव्हा ती खाली बसून त्यांचे बूट जोड्याजोड्यांनी लावून ठेवायची. आज तिने बटण सोडलं, बूट न काढताच दोन्ही हातांनी फांदी धरली, आणि कोणाला काही न विचारता पोटावर लोळत पहिल्या फांदीवर गेली.

रानताईला कळलं, हा मोठा दिवस आहे. शिक्षक अशा दिवसांसाठीच झाडाखाली उभे राहतात. बटण दुसऱ्या फांदीवर गेली. मग तिसऱ्या. मग तिने डावीकडच्या वाळक्या फांदीकडे पाय नेला. ती फांदी वाळलेली आहे हे रानताईला माहीत होतं, सालीचा रंग सांगत होता, शुक्रवारी तिनेच दाढीदादाला दाखवली होती. पाय कशावर आहे, एवढंच विचारायचं होतं. हा काही बंदी असलेला शब्द नव्हता; हेच तर तिचं काम. तिने तोंड उघडलं आणि आतून येणाऱ्या त्या धक्क्याची वाट बघत राहिली. धक्का येतो, त्याला दातांखाली दाबायचं, आणि त्याच्या जोरावर हा दुसरा, शांत प्रश्न बाहेर काढायचा, असं ते इतकी वर्षं चालत आलं होतं. धक्का आला नाही, म्हणून प्रश्नही आला नाही. फांदी मोडली. आवाज लहानसाच झाला. बटणचा पाय निसटला, ती दोन्ही हातांनी वरच्या फांदीला लटकली, बूट हवेत फिरले, एकदा, दोनदा, आणि मग त्यांना बुंध्यावरची गाठ सापडली. बटणने त्या गाठीवर उभं राहून श्वास घेतला. मग ती आपली आपण, एक एक फांदी करत उतरली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि हनुवटीला साल लागली होती. जमिनीवर पाय टेकताच ती धावत आली.

"ताई, तू घाबरलीस?"

सगळ्या मुलांना हो म्हणायचं नसतं आणि सगळ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे तिला शिकवलेलं होतं. पण बटणचे डोळे इतके जवळ होते की तिला दुसरं काही जमलं नाही. "नाही," ती म्हणाली.

बटणने थोडा विचार केला. हात आपसूक कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला. "मी लटकले होते."

"हो गं. आणि मग तूच पाय शोधलास."

"माझी आई घाबरली असती. आजी तर मेलीच असती." ती अजून विचार करत होती. "मग तू बघतच नव्हतीस."

"बघत होते."

"नाही," बटण म्हणाली. ती रागावली नव्हती. दोन आणि दोन चार होतात असं सांगावं तशी म्हणाली. मग ती वळली आणि शेकोटीपाशी लाकडं रचत बसलेल्या दाढीदादाकडे गेली. "दादा, मी परत चढते. तू ये बघायला."

दाढीदादा आला. त्याने रानताईकडे प्रश्नार्थक बघितलं, तिने बाजूला होऊन जागा दिली. बटण वर गेली. तो खाली उभा राहिला, चेहऱ्यावर तेच हसू, जे शाळेत सगळ्यांना शिकवतात. पण रानताई बाजूला असल्यामुळे तिला तो सबंध दिसत होता. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत इतकी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. बटणने तिसऱ्या फांदीवर पाय टाकला आणि त्याची टाच जमिनीवरून उचलली गेली, जणू तो स्वतःच वर निघाला होता. "आता हात कुठे धरशील?" त्याने विचारलं, आणि आवाज असा काही मऊ आला की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्मात कशाला भ्यालेला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण दोघं गेली चार वर्षं एकच काम करतो असं ती समजत होती. तिला त्याचा हेवा वाटला. शनिवारपासून तिला वाटलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही फार बारीक होती.

मोठ्या बाई ताडपत्रीखाली मुलांचे ओले मोजे दोरीवर घालत होत्या. रानताई त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. "बाई, आजपासून मला झाडाखाली उभं करू नका."

"का गं? पाठ धरली?"

"नाही."

"मग? अगं, तुझ्याइतकं शांत कोण आहे आपल्याकडे? तो दादा बघ, पोरं वर गेली की त्याचाच जीव वर जातो."

"म्हणून त्यालाच उभं करा." तिला नीट सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं फार नव्हतं. "मी शांत नाहीये, बाई. आत काही उरलं नाहीये. आज बटणचा पाय वाळक्या फांदीवर होता, ते मला दिसत होतं. मी काही बोलले नाही."

मोठ्या बाईंच्या हातात एक मोजा होता. तो दोरीवर घालायचा राहून गेला. त्या काहीतरी म्हणणार होत्या, बहुधा सुट्टीबद्दल, बहुधा तू दमली आहेस असं काहीतरी. मग त्यांनी रानताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणायचं थांबवलं. त्या घाबरल्या होत्या. ते तिला अगदी स्पष्ट दिसलं. "पाण्याचं बघशील?" त्यांनी हळूच विचारलं. "गरम पाण्याचं. मुलं उतरली की पितील."

ती थर्मास ठेवलेल्या सतरंजीवर जाऊन बसली. पेले मांडले. पाणी ओतताना थोडं हातावर सांडलं, ते चांगलंच कढत होतं; हात लाल झाला. झाडीतून मुलांचे आवाज येत होते, कुणीतरी भुंग्याला पुन्हा उकरून काढलं होतं, त्यावरून रडारड चालू होती. मग सगळ्यांच्या वरून, कुठून तरी पार उंचावरून, बटणची हाक आली, "बघतोयस ना?"

तिने मान वर केली.

"बघतोय," दाढीदादा म्हणाला.